सुगीतले शिनाणे

येळ्ळूरकडची भातं कापायला आली की घाटाखालून शिनाणे वर येतात. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. भात चिखलातलं, शिनाणे खारीतल्या खडकावरचे. पण माझ्या डोक्यात त्यांची गाठ पक्की बसली आहे आणि ती सोडवायची माझी इच्छाही नाही. सकाळी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गॅलरीत उभं राहिलं की वाऱ्यावर कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास येतो, आणि त्याच वेळी जिभेच्या कडेला मीठ लागतं. लोकांना सुगीत नव्या तांदळाची आठवण येते. मला राग येतो.

हा राग मी जपून ठेवला आहे. चांगली साडी मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, वर्षातून एकदा उन्हात धरतात, घडीवर चिरू नये म्हणून घडी बदलून ठेवतात, तसा. साड्यांचा धंदा करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. 'जाऊ दे, जुनं झालं' असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी सांगते, जुनं झालं म्हणूनच सांभाळायचं. नवं काय, कुणीही सांभाळतं.

शिनाणे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढा लांब, एका टोकाला निमुळता, हिरवट काळा शिंपला. समुद्राच्या कडेला खडकाला घट्ट धरून बसतो. धरायला त्याला स्वतःचेच राठ दोरे असतात, बकऱ्याच्या दाढीसारखे. लाटा मारतात, तो सोडत नाही. काढणारा माणूस लोखंडी पट्टी घालून खरवडतो तेव्हा कुठे निघतो. आत केशरी नाहीतर सायीच्या रंगाचं मांस आणि शिंपल्याच्या आतल्या अंगाला जांभळट चमक. अशा रंगाचा काठ असलेली साडी मी एकदा मुद्दाम विणून घेतली होती. ती खपली नाही, पण ते वेगळं.

मी बेळगावातल्याच वडगावची, विणकरांच्या घरातली. आमच्या घरात मागाचा आवाज कधी थांबायचा नाही. थांबला की आई दचकून बाहेर यायची. आमचं खाणं साधं. सणाला मटण, पावसाळ्यात सुकं, एखाद्या रविवारी बांगडा. शिनाणे हा शब्दही आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. तो मला माझ्या गाठोड्यानं दिला.

लग्नानंतर मी साड्या घेऊन गोव्यात जायला लागले. खानापूरच्या पलीकडे जंगलाला टेकलेल्या गावात माझं सासर. तिथून बेळगावला यायचं, वडगावातून माल उचलायचा, चोर्ला घाटाची एसटी धरायची. कणकुंबीला गाडी धुक्यात शिरायची आणि सगळी बस गप्प व्हायची. मी मांडीवरच्या गाठोड्यावर हनुवटी टेकून बसायची. घाट उतरला की हवा बदलायची, अंगाला चिकटायला लागायची, आणि बायकांची बोली बदलायची. मराठीत भाव सांगायचा, हिंदीत भांडायचं, कोकणीत हसायचं, हे मी त्या रस्त्यावर शिकले. कानडी माझ्याकडे आधीपासून होती. निपाणीपासून गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठापर्यंत माझ्याकडून कुणी फुकट पदर उलगडून बघितला असेल तर त्या बाईनं समोर यावं.

त्या काठावर शेवंतीबाय नावाचं एक गिऱ्हाईक होतं. विधवा, धिप्पाड, आवाज असा की झाडावरचा कावळा उडावा. ती माझ्यासारखीच चिवट. अंगणात बसून एका साडीवरून आमची इतकी जुंपली होती की शेजारणी बघायला आल्या. भांडता भांडता ती पाटीत हात घालून शिनाणे साफ करत होती. नारळाच्या किशीनं, म्हणजे सोडणाच्या काथ्यानं, शिंपला घासायचा, दाढी चिमटीत धरून निमुळत्या टोकाकडे ओढायची, टोपलीत टाकायचा. मला रिकाम्या हातानं भांडता येत नाही. मीही एक शिंपला उचलला. तिनं माझ्याकडे बघितलं, पाटी माझ्या बाजूला सरकवली, आणि भाव होता तिथंच ठेवला.

शिनाणे चुलीवर चढले तरी साडीचं ठरलं नव्हतं. तिनं पातेल्यात जेमतेम तळ ओला होईल इतकं पाणी घातलं, झाकण ठेवलं. थोड्या वेळानं आतून टकटक आवाज यायला लागला, शिंपले उघडताना एकमेकांवर आपटतात तो. मी पुन्हा भावाचं बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "आदीं खा, मागीर उलय." आधी खा, मग बोल. मी खाल्लं. खोबरं, कांदा, तिरफळ, आमसूल, आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी असं, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी तोवर समुद्र लांबून बघितला होता. त्या दिवशी तो तोंडात आला. मग मी साडी ती म्हणेल त्या भावानं दिली. माझ्या आयुष्यात मी अशी हार फार थोड्या वेळा मानली आहे.

न उघडलेले शिंपले ती बाजूला काढत होती. मी एक चमच्यानं उचकटायला गेले तर तिनं हातावर चापट मारली. "जें उगडना तें उडय." जे उघडत नाही ते फेकायचं. शिजवण्याचा नियम एवढाच. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मसाल्यावर.

आता कुणी म्हणेल, एवढ्या शिंपल्यांचं काय कौतुक. सांगते. आपल्याकडे माणसाच्या जिभेवर दोघांचा हक्क मानतात, आईचा आणि सासूचा. आईच्या हातची चव, सासरची रीत. तिसरी चव बाईनं स्वतः कुठून आणली, तर तिला थेरं म्हणतात. शिनाणे मला आईनं दिले नाहीत, सासरनं दिले नाहीत. मी एसटीच्या खिडकीशी बसून, भांडून, माझ्या पायांनी जाऊन ते मिळवले. माझ्या नावावर पहिली मालमत्ता कुठली झाली असेल तर ती ही चव. फ्लॅट फार नंतरचा.

आणि ती मी घरी घेऊन गेले. सुगी चालू होती. घरची सगळी माणसं खळ्यावर. येताना मी शेवंतीबायकडून ओल्या गोणपाटात बांधून शिनाणे आणले होते, बसभर पायाशी जपून. सासरी रीत अशी की मटण-मासळी घरात शिजत नाही. घरामागच्या परड्यात वेगळी चूल, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली वेगळी भांडी, आणि त्यातलं काही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मी रीत मोडली नाही. बाजारातून स्वतःच्या पैशानं नवं मडकं आणलं, परड्यातच चूल पेटवली. शेवंतीबायचं खोबरं घेतलं, पण तिखट आमचं घातलं, संकेश्वरी मिरचीचं. गोव्याच्या रश्श्याला जो झणका नसतो तो त्या मिरचीनं आला. पहिल्याच खेपेला मला कळलं की हे आता शेवंतीबायचं राहिलं नाही, माझं झालं. चव बघायला एक शिनाणा खाल्ला. तेवढाच.

तिन्हीसांजेला माणसं आली. केसांत भुसा, पायाला चिखल, सगळ्यांना भूक. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणते आणि नवरा वहिनी, सरळ परड्यात आल्या. सासूबाई माझ्या लग्नाच्या फार आधी गेलेल्या. माझ्या नवऱ्याला ह्या आक्कांनीच वाढवलं, अंगावरचं दूध सोडून सगळं केलं. त्यामुळे घरात शब्द त्यांचा. त्यांनी झाकण उचललं.

"काय गं शालन, ह्ये काय शिजवलंस?"

"शिनाणे, आक्का. समुद्रातले."

"शिंपलं व्हय? आमच्यात शिंपलं भाजून चुना करत्यात. खात न्हाईत."

"मासळीसारखंच असतंय. एक चाखून तर बघा."

"किडं हाईत ती. दारोदार हिंडणारीनं दारोदारचं खाणं आणलंय बघ."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. मागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं. मग त्याच आवाजात, "बाळू, उचल ते मडकं. वड्याला नेऊन वत."

आणि बाळूनं मडकं उचललं. गरम होतं म्हणून खांद्यावरचा पंचा काढून त्याची चुंबळ केली, तिच्यावर मडकं धरलं, आणि परड्याच्या मागच्या वाटेनं ओढ्याकडे चालायला लागला. माझ्या अंगावरून गेला. रस्सा सांडू नये म्हणून सावकाश चालत होता. ओतायलाच निघालेला माणूस सांडू नये म्हणून जपत होता, हे मी विसरणार नाही. आक्कांनी चूल शेणानं सारवून घेतली आणि पिठलं टाकलं.

किडे म्हणे. हीच माणसं पावसात बांधाबांधानं फिरून भातातले खेकडे धरतात. चिखलाचं बीळ, त्यात हात घालायचा, नांगी मोडायची, घागरीत टाकायचं. खेकड्याचा रस्सा ओरपताना ह्यांना किडा आठवत नाही. मी हे तेव्हाच्या तेव्हा बोलले, गप्प राहिले असं कुणी समजू नये. आवाज शेजारच्या परड्यात गेला. पण मडकं ओढ्याला गेलं होतं. बोलून मडकं परत येत नाही.

सकाळी भांडी घासायला ओढ्यावर गेले तर पाण्याखाली शिंपले पडले होते, जांभळ्या बाजूनं वर. बदकं त्यांच्यावर चोच मारून बघत होती आणि सोडून देत होती. वरच्या शेतातून मळणीचा आवाज येत होता. हवेत भाताच्या पेंढ्याचा वास इतका दाट की ओढ्याच्या काठावरही तोच. म्हणून म्हणते, गाठ तिथं बसली.

पुढच्या सुगीपर्यंत आम्ही बेळगावला आलो होतो. त्यात माझी जिद्द होती तेवढीच नवऱ्याच्या नोकरीतली बदलीही होती. खोटं कशाला बोलू. वडगावात भाड्याची खोली, मग शहापुरात जिन्याखालचं दुकान, मग जिन्याच्या वरचं. दारोदार हिंडणारीच्या दारात बायका यायला लागल्या. आणि दर वर्षी भातं कापायला आली की मी शिनाणे केले.

पहिल्या वर्षी बेळगावात मिळाले तेव्हा नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं बादलीभर नळाचं पाणी घेऊन त्यात सगळे शिनाणे बुडवले. शेतातले खेकडे घागरीत पाणी घालून जिवंत ठेवतात, तसे. मी दुकानातून येईपर्यंत खारीतले जीव गोड्या पाण्यात मेले होते. घाटावरच्या माणसाला सगळं पाणी सारखंच वाटतं. तेव्हा मी ओरडले, पण आतून बरं वाटलं. त्याला ते जगवायचे होते, म्हणजे खायचे होते.

आणि त्यानं खाल्ले. चाटून, चोखून. रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून दुसऱ्यातलं मांस काढायचं हे मी त्याला शिकवलं नाही, त्यानं आपोआप शोधून काढलं. इतकं आवडीनं मटणही खात नाही. पण दार लावून. खिडकी लावून. गावाकडून कुणी यायचं असेल त्या दिवशी नाही. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी नाही; बोटांना लिंबू चोळायचा. गावात कुणी विचारलंच, "बाळू, बायको शिंपलं करती म्हणं?" तर उत्तर ठरलेलं. "ती खाती. मी न्हाई खात."

मी न्हाई खात. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते लक्ष्मीच्या यात्रेत, पंगतीत वाढताना. हातातला भाताचा डाव तसाच राहिला. आक्कांनी मडकं टाकायला लावलं, ते समजू शकते. त्यांना शिंपल्याची किळस, माझ्यावर राग, दोन्ही खरं होतं. त्यांनी लपवलं काहीच नाही. माझं भांडण त्यांच्याशी आहे असं सगळं गाव समजतं, आणि मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. पण जो माणूस माझ्या हातचं चोखून खातो आणि चौघांत म्हणतो की ती एकटी खाते, त्याचं काय करायचं? चांगला माणूस आहे. पगार आणून हातात दिला, कधी हात उगारला नाही, मी गोव्यात असताना मुलीच्या वेण्या घातल्या. असल्या माणसाशी भांडायला कारण सापडत नाही आणि राग तर येतो.

मध्ये आक्कांच्या मुलानं, जो पुण्यात इंजिनियर आहे, गोव्यातल्या हॉटेलातला फोटो पाठवला. पांढरी बशी, वर लिंबाची फोड, आणि बशीत शिनाणेच, दुसरं काही नाही. आक्कांनी तो फोटो अख्ख्या भावकीला दाखवला. "आमचं पोरगं लई हौशी," म्हणाल्या. मी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला. शिंपल्यांची दाढी नीट काढली नव्हती.

ह्या वर्षी आक्का आमच्याकडे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दसऱ्यापासून टिळकवाडीतच. थोरले दीर आता नाहीत, मुलगा पुण्याला, मग आणणार कुठं? मीच घेऊन आले. सकाळी त्यांना व्यायाम करवून घेते, कण्हल्या तर दम देते. पाय चेपते. त्या मला चहात आलं जास्त झाल्याचं सांगतात आणि मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम आणखी घालते. तशा आम्ही दोघी बऱ्या चाललो आहोत.

मग परवा हसीनाबीकडून मोबाईलवर फोटो आला. कॅम्पातल्या मासळी बाजारात ती बसते. काळेहिरवे शिनाणे, वर ओलं गोणपाट. नवऱ्यानं माझ्या खांद्यावरून बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

"दोन आठवडं थांब की गं. वहिनी गावाला गेल्यावर कर."

"का?"

"आजारी माणूस. कशाला उगंच."

"गुडघ्याला शिनाण्याचं काय पथ्य हाय?"

"तसं न्हाई. तुला कळतंय की."

मला कळत होतं. म्हणून मी त्याला सांगितलं, हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजाची त्याला सवय झाली आहे. "उद्या मी शिनाणे करणार. खायचे तर आक्कांच्या देखत खायचे. न्हाईतर आजपासून माझ्या शिनाण्यांना हात लावायचा न्हाई. ह्या वर्षी न्हाई, कधीच न्हाई." तो बिल भरायचं आहे म्हणून खाली गेला. कुठलं बिल, ते त्यालाच माहीत.

मासळी बाजारात सकाळी जावं. भाजीवाल्याकडे मी उशिरा जाते, उठायची वेळ झाली की भाव पडतो. शिनाण्यांना ते चालत नाही. ते जिवंत घ्यायचे असतात, आणि ऊन चढलं की जीव आणि भाव एकदमच जातात.

"या, साडीवाल्या वहिनी," हसीनाबीनं लांबूनच हाक मारली. "तुमच्यासाठी झाकून ठिवलंय."

"झाकून ठिवलंय म्हंजे कालचं हाय."

"सकाळच्या गाडीचं हाय हो. अजून थंडी वाजतीया त्यास्नी, बघा कशी तोंडं मिटून बसल्यात."

"तुला जमंल का तसं?"

ती हसली. आमचं हे असंच चालतं. मी वाट्यात हात घातला. शिनाणे वाट्यानं मिळतात, ढीग करून ठेवलेले. निवडून द्यायची पद्धत नाही. पण माझ्या बोटांना कुणी पद्धत शिकवलेली नाही. एक उघडा होता, तो दुसऱ्यावर वाजवला, मिटला. जिवंत. एक उगाच जड, त्यात मांस नाही, चिखल भरलेला. तो मी तिच्या बाजूला ठेवला. तिनं परत माझ्या बाजूला ठेवला.

"वहिनी, निवडायचं न्हाई. वाटा उचला."

"दुकानात येतीस तवा अख्खा गठ्ठा उलटा करून बघतीस, ते?"

"साडी मरत न्हाई."

"तुझा भाव ऐकून मी मरंन."

शेजारी एक गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन उभे होते. मास्तर असावेत. वाकून म्हणाले, "मॅडम, ह्यात खायचं नेमकं काय असतं?"

मी उत्तर द्यायच्या आत हसीनाबी म्हणाली, "सर, तुमी सुरमई घ्या. ती सोपी हाय."

शेवटी भाव अर्ध्यावर कुठेतरी ठरला, दोघींनाही आपण ठकलो असं वाटेल इतका. चांगला सौदा तोच. ज्या दिवशी माझ्याशी कुणी घासाघीस करणार नाही त्या दिवशी मी म्हातारी झाले असं समजेन. जडवाला शिंपला तिनं पिशवीत टाकलाच. घरच्या जिन्यात तो सापडला तेव्हा मी मोठ्यानं हसले.

आमच्या फ्लॅटला परडं नाही. नवऱ्याच्या घरची रीत म्हणून मी इतकी वर्षं गॅलरीत एक शेगडी ठेवली आहे, मटण-मासळी तिच्यावर. पावसाची झड येते, वाऱ्यानं जाळ विझतो, मी पाठीवर पोतं घेऊन रस्से केले आहेत. काल मी गॅलरीत गेले नाही. स्वयंपाकघरातच वर्तमानपत्र अंथरलं आणि बैठक मारली.

घासायला लागलं की बाकीचं सगळं मागे पडतं. नारळाच्या किशीचा खरखर आवाज, शिंपल्यावरून उतरणारी हिरवी लव, बोटांना लागणारी खार. दाढी ओढली की आतून एक बारीक विरोध जाणवतो. मेलेल्याची सहज निघते. जिवंत धरून ठेवतो. मला हा विरोध आवडतो. मग पातेलं, तळाला पाणी, झाकण, आणि ती टकटक. हे पाणी ओतायचं नाही, फडक्यातून गाळून घ्यायचं. सगळा समुद्र त्यातच असतो. कांदा लालसर होईतो परतला, खोबरं भाजून वाटलं, धणे, तिरफळ, संकेश्वरी तिखट. तेलात तिखट पडलं आणि घरभर ठसका उठला.

आतल्या खोलीतून आक्का खोकल्या. "शालन, काय करायलीस गं?"

"शिनाणे, आक्का."

 मग, "गॅलरीत का केलं न्हाईस?"

"हितं बरं पडतंय."

 वॉकरचा आवाज आला, टक, पाय ओढल्याचा आवाज, पुन्हा टक. हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसल्या. मी त्यांना भाकरी, वांग्याची भाजी, दही, सगळं वेगळं वाढून दिलं. ताजी भाजी, त्यांच्या आवडीची. उपाशी ठेवून कुणाला हरवायचं नसतं.

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पातेलं मांडलं, मधोमध. तांदळाच्या भाकरी काढल्या. नवरा आला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आणि बसायच्या आधी, सवयीनं असेल, त्यानं स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं.

मी उठले आणि दार सताड उघडलं. पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून पाणी भरलेली कळशी त्याला लावली. आता हॉलमधल्या खुर्चीतून सरळ टेबल दिसत होतं. आक्का बघत होत्या. भाकरीचा तुकडा हातात होता, तोंडात नव्हता.

मी माझ्या ताटात घेतलं आणि खायला लागले. त्याला वाढलं नाही. इतकी वर्षं मी वाढत आले, म्हणून त्याला म्हणता यायचं की वाढलं ते खाल्लं. पातेलं मधे होतं. हवं त्यानं हात लांब करून घ्यावं.

तो कोरडी भाकरी मोडत बसला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी तीन-चार शिंपले संपवले. चव चांगली उतरली होती. ती आनंदानं खाता येत नव्हती याचाही मला राग आला.

"बाळू," आक्का हॉलमधून म्हणाल्या, "तू खात न्हाईस न्हवं त्ये?"

इथं तो नेहमीचं वाक्य म्हणू शकला असता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. मला त्याला मदतही करायची नव्हती आणि अडवायचंही नव्हतं.

"खातो, वहिनी," तो म्हणाला.  "पयल्यापासनं खातो."

 मग आक्का म्हणाल्या, "मग त्या दिवशी मडकं कशाला उचललंस रं?"

हा प्रश्न माझा होता. इतक्या सुगी मी तो घडी बदलून बदलून ठेवला होता, आणि तो त्या बाईनं विचारला जिच्या शब्दावर मडकं गेलं. तिला विचारायचा हक्क नव्हता असं मी म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. मलाही उत्तर ऐकायचं होतं.

"तुम्ही सांगितलं म्हणून," तो म्हणाला.

"मी लई काय काय सांगते," आक्का म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवून तोंडात घातला.

माफ केलं, असं कुणी समजू नये. त्यांनी शिनाणे चाखले नाहीत, मी आग्रह केला नाही, आणि चहात आज सकाळीही आलं जास्त पडलं आहे. पण काल त्या उघड्या दारासमोर, मी न वाढता, कुणी न सांगता, माझ्या नवऱ्यानं पातेल्याकडे हात लांब केला.  एक शिंपला घेतला, उघडला, आणि आक्कांच्या डोळ्यांदेखत आवाज करून चोखला.